खिडकीतल्या कुत्र्यांची दिशा

कासमू, सोमवार सकाळ

प्रिय माइमू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. कोण गेलं आता, असं म्हणत उभ्या उभ्याच पाकीट फाडलं असशील. कोणी गेलेलं नाही, सगळे जागच्या जागी आहेत. शेजारची सालमे म्हातारी चौऱ्याऐंशीची झाली, तरी रोज सकाळी कुंपणावरून ओरडून विचारते, "काय गं आस्ता, आला का नवरा परत?" उलो रकवेरेच्या त्या बाईकडे राहायला गेला त्याला अकरा वर्षं झाली, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण एवढं विचारल्याशिवाय तिला कॉफी गोड लागत नाही. मीही रोज सांगते, "वाटेत आहे, बस चुकली." मग आम्ही दोघी आपापल्या कामाला लागतो.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर आपण काय बोलतो ते मला माहीत आहे. तू विचारतेस, तिकडे पाऊस आहे का. मी सांगते, आहे. तू म्हणतेस, इकडे नाही. मग दोघी गप्प होतो, आणि थोड्या वेळाने कोणीतरी दुधाचं पातेलं चुलीवर असल्याचं सांगून फोन ठेवतं. मला जे सांगायचं आहे ते पातेल्याच्या आत मावणारं नाही. आणि तुझा आवाज कानात असताना मला ते सांगता येणारही नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

लायलॅक यंदा वेड्यासारखा फुललाय. सकाळी दार उघडलं की वास अंगावरच येतो. खाडीवर अजून धुकं आहे, त्यात पाण्यातले धोंडे नुसते वरून वरून दिसतात, आणि बघता बघता असं वाटतं की ते हळूहळू किनाऱ्याकडे पोहत येताहेत. या दिवसांत उजेड संपतच नाही, त्यामुळे काल कधी संपला आणि आज कधी लागला ते मला कळेनासं होतं. गेले दोन दिवस तर मी झोपेत चालल्यासारखी वावरते आहे. काल मी ताकात साखरेऐवजी मीठ घालून पर्यटकांना दिलं. त्या बिचाऱ्या जर्मनांना वाटलं, आमच्याकडे असंच पितात. प्यायले.

मुद्द्यावर येते. ऊनो आला आहे.

शनिवारी दुपारी अल्त्या गावातल्या आमच्या त्या गुत्तावजा खानावळीत ही गर्दी होती. दोन बसभरून माणसं, सगळ्यांना एकाच वेळी तळलेला हेरिंग मासा हवा. एक उंच, जरासा वाकलेला म्हातारा एकटाच आला आणि दाराजवळच्या बाकावर बसला. बटाटे, हेरिंग, काळा पाव आणि भाजलेल्या धान्यांचं ‘कामा’ पीठ कालवलेलं ताक मागितलं. ताट ठेवायला गेले तर हा टेबलाच्या कडेखालून अंगठा फिरवतोय. मी विचारलं, "काही सांडलंय का?" तो म्हणाला, "नाही. सांधा चुकीचा बसवलाय." माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. तुला आठवतं ना, आपल्या व्हरांड्यात पहिल्यांदा आला तेव्हा आईला नमस्कार करायच्या आधी त्याने दाराची चौकट तपासली होती आणि हेच म्हणाला होता. आईने महिनाभर त्याला माफ केलं नव्हतं.

त्याने मला ओळखलं नाही, पण मी कासमूची आहे हे कळल्यावर हळूच विचारलं, "मग कॅप्टनची धाकटी तुम्हाला माहीत असेल. सायकलवरून पडून हनुवटी फोडून घेतलेली." मी हनुवटी पुढे केली. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग हसला. दातांचं काही खरं राहिलेलं नाही, पण हसणं तेच आहे. मग समुद्राकडे तोंड करून विचारलं, "ती आहे?" मी म्हटलं, "आहे. तार्तूला. तिचा नवरा हाइनो गेला, त्याला सहा वर्षं झाली." त्याने चमचा उलटा केला, सुलटा केला. "तिचा पत्ता देशील?" मी म्हटलं, "विचार करून सांगते." तो म्हणाला, "शनिवारी सकाळपर्यंत पाल्मसेत आहे मी," आणि हेरिंग खाऊ लागला. दुसरा कोणी असता तर विचारलं असतं की यात विचार कसला करायचा. त्याने नाही विचारलं. तो कधीच विचारत नाही, हाच तर सगळा घोटाळा आहे.

विचार कसला करायचा ते तुला सांगते. मी पत्ता दिला तर तुम्ही भेटाल. भेटलात तर त्या जूनमधल्या बुधवारबद्दल बोलाल. आणि बोललात की पाच मिनिटांत तुमच्या लक्षात येईल की तुम्हा दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी माहीत आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मग तू मला फोन करशील, आणि या वेळी पावसाचं विचारणार नाहीस. नाही दिला, तर शनिवारी तो बसमध्ये बसून जाईल आणि सगळं होतं तसंच राहील. तो सत्तर वर्षांचा आहे, माइमू. पुन्हा येईल असं धरून चालता येत नाही.

सोमवार संध्याकाळ

खानावळीतून परत येऊन बसले आहे. समोर खिडकीत आजीची चिनी मातीची कुत्री आहेत. आज एका फिन्निश बाईने रस्त्यावरून हाक मारून विचारलं, "ही दोघं एकमेकांकडे का बघताहेत? पुस्तकात तर वेगळं लिहिलंय." आता हे सगळं पुस्तकात आलंय बघ. मी तिला आजीच्या थाटात सांगितलं की आमच्या गावात प्रत्येक कॅप्टनच्या खिडकीत अशी जोडी असायची, इंग्लंडहून आणलेली. माणूस समुद्रावर असला की कुत्र्यांची तोंडं समुद्राकडे. माणूस घरी आला की तोंडं आत, घराकडे. रस्त्याने जाणाऱ्याला दार न वाजवता कळायचं की घरात कोण आहे. तिने विचारलं, "आणि एकमेकांकडे?" मी म्हटलं, "माणूस रकवेरेला असला की." तिने ते वहीत लिहून घेतलं.

आपल्या वेळी वही नव्हती, नियम होता. बाबा मच्छीमार जहाजावर सात-सात महिने अटलांटिकवर, आणि ती कुत्री सात-सात महिने खाडीकडे डोळे लावून. धूळ पुसायची तर तिथल्या तिथे, उचलायची नाहीत. माणूस पाण्यावर असताना कुत्री आत वळवणं म्हणजे त्याची वाटच सोडून देणं. आजीने एकदा मला त्यावरून कानशिलात भडकावली होती, आणि मी तेव्हा पाच वर्षांची होते.

आणि तू, माइमू, कधी आवाज न चढवणारी, आईच्या शब्दाबाहेर न जाणारी, तू ऊनोसाठी तीच कुत्री वळवायला तयार झालीस. हे मी तुझ्या तोंडून कधीच ऐकलं नाही. तू तुझ्या मैत्रिणीला, एंडलाला सांगत होतीस, वोसू गावातल्या मोठ्या झोक्याजवळ, आणि मी झोक्याच्या पलीकडे जुनिपरच्या झुडपात बसून बोरं शोधण्याचं नाटक करत होते. मी तेरा वर्षांची होते, तू बावीसची. ऊनो पाल्मसेच्या हवेलीत सुतारांच्या टोळीत होता. इथलं राष्ट्रीय उद्यान नुकतंच झालं होतं आणि त्या पडक्या हवेलीला पुन्हा उभं करायचं काम निघालं होतं. त्याला लेनिनग्राडला बोलावणं आलं होतं, राजवाड्यांच्या कामावर, दोन वर्षांसाठी. कासमू तेव्हा सोव्हिएत सीमेच्या पट्ट्यात. इथे पाय ठेवायचा तर सीमेवरच्या पहाऱ्याचा परवाना लागे, आणि त्याला मिळाला होता एका बुधवारचा, संध्याकाळी सहापर्यंतचा. तू एंडलाला म्हणालीस, "तो विचारणार नाही आणि मी सांगू शकणार नाही. आम्ही ठरवलंय. कुत्री आत बघत असली तर हो. मग जूनअखेर सेंट जॉनच्या होळीला वोसूला येईल आणि आईशी बोलेल. बाहेर बघत असली तर तो तसाच पुढे जाईल." एंडला म्हणाली, "अगं, तोंड नाही का तुम्हाला? सरळ बोला की!" तू म्हणालीस, "तोंडाने सांगितलं की नाही म्हणताही येत नाही आणि हो म्हणताही येत नाही." तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. आज वाटतं की एंडला एकटी शहाणी होती.

त्या बुधवारी सकाळी मासे खारवायच्या शेडवर कामाला जाण्याआधी तू कुत्री वळवलीस. आई बटाट्याच्या शेतात होती. संध्याकाळी परत आलीस तेव्हा कुत्री तशीच आत बघत होती, आणि तुझा चेहरा असा उजळला होता की मला अजून दिसतो. तू आईच्या नकळत ती पुन्हा समुद्राकडे फिरवलीस आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच गाणं म्हणू लागलीस. मग होळी आली, आणि तो आला नाही. तू तुझ्या निळ्या झग्यात झोक्याच्या खांबाला टेकून उभी होतीस. लोक नाचत होते, आग कमरेएवढी खाली आली, मग गुडघ्याएवढी, आणि लहान पोरं तिच्यावरून उड्या मारायला लागली. तरी तू हलली नाहीस. घरी येताना एवढंच म्हणालीस, "त्याने पाहिलं आणि तरी गेला." पुढची त्रेचाळीस वर्षं तू तेच धरून बसलीस.

बुधवार

काल काही लिहिलं नाही. आज ऊनोबरोबर पाल्मसेच्या हवेलीत गेले होते. मी सुट्टी घेतली, खानावळीची मालकीण म्हणाली, "तुला बरं नाहीये, मीठवालं ताक दिलंस तेव्हाच कळलं."

त्याच्या मुलीने सत्तरीनिमित्त त्याला हवेलीच्या पाहुणेघरात आठवडाभराची खोली घेऊन दिली आहे. मुलगी हेलसिंकीत असते. बायको होती, लेनिनग्राडची, फार काळ टिकलं नाही. नंतर तो सारेमा बेटावर खिडक्या बनवत राहिला, पंचवीस वर्षं. हे सगळं त्याने तीन वाक्यांत सांगितलं आणि मग खिडक्यांबद्दल अर्धा तास बोलला.

हवेली आता किती देखणी आहे, तू बघायला हवीस. तळ्यात ती उलटी दिसते आणि बदकं तिच्या छपरातून फिरतात. आत दालनांमधून सकाळचा उजेड एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असा जात होता की मला वाटलं, आपण कोणाच्या तरी आठवणीत शिरलोय, आपल्या नव्हे. ऊनो एका खिडकीपाशी थांबला आणि चौकटीवर तळवा ठेवला. तिथली देखरेख करणारी पोरगी लगबगीने आली. "आजोबा, हात नका लावू, जुनं आहे ते!" तो म्हणाला, "जुनं नाही गं. मी बसवलंय." ती म्हणाली, "सगळेच असं म्हणतात." तो म्हणाला, "मग सगळ्यांना विचार, खालच्या उजव्या कोपऱ्यात पाचर कुठल्या लाकडाची आहे." पोरीने वाकून पाहिलं, तिला काही कळलं नाही, आणि तिने आम्हाला दोघांना पेपरमिंट दिलं.

बाहेर तळ्याकाठी बाकावर बसलो. मी त्याला काही विचारलं नव्हतं, तरी तोच बोलला. बोलला म्हणजे पाण्याशी बोलला. "मी तीनच्या बसने आलो होतो. परवाना खिशात, सारखा चाचपून बघत होतो. तुमच्या घरासमोर आलो. वाटलं होतं, कुत्र्यांच्या पाठी दिसतील, त्या कोऱ्या पांढऱ्या पाठी. पण ती दोघं सरळ माझ्याकडेच बघत होती." मग थोड्या वेळाने, "तिचं बरोबरच होतं म्हणा. माझ्याकडे काय होतं तेव्हा." मी पेपरमिंट चघळत राहिले. माइमू, मला तिथेच बोलायचं होतं. मी म्हटलं, "बदकं फार झाली आहेत यंदा." तो म्हणाला, "हो."

गुरुवार

आज दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेने गेलो, तो आणि मी. सकाळी सातला, कारण नंतर बसवाले येतात आणि वाट हलायला लागते. खुरटी पाइनची झाडं, काळ्या पाण्याची डबकी, आणि सगळीकडे धुकं. पुढच्या चार फळ्या दिसायच्या, मागच्या चार दिसेनाशा व्हायच्या. कापसासारखं पांढरं गवत डोलत होतं. कुठेतरी सारस ओरडला आणि आवाज कुठून आला ते दोघांनाही कळलं नाही. अशा ठिकाणी मोठ्याने बोलायची हिंमत होत नाही, आणि म्हणूनच बोलावंसं वाटतं. ऊनो पुढे चालत होता. मी त्याच्या पाठीला उद्देशून म्हटलं, "कुत्री मी फिरवली होती."

तो थांबला, पण वळला नाही. मी घाईघाईने सांगून टाकलं की माइमूने ती आत वळवली होती, सकाळीच. ती हो म्हणाली होती. बाबा समुद्रावर होते, कुत्री आत बघत होती, आजीने मला लहानपणापासून बजावलं होतं, मी घाबरले आणि तोंडं पुन्हा समुद्राकडे केली. संध्याकाळी ती यायच्या आत परत आत वळवली. म्हणून तिला कधी कळलं नाही. बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी जवळपास हसले. आणि लगेच कळलं की हे हलकं वाटणं चोरीचं आहे.

मला वाटलं ऊनो ओरडेल, किंवा रडेल. मग तो म्हणाला, "तुमचं दार रस्त्यापासून किती लांब होतं गं?" मी म्हटलं, "पंधरा पावलं असतील." तो म्हणाला, "बारा. मी मोजली होती, आदल्या वेळी. बारा पावलं, आणि दाराला कडी होती, पितळेची. मी सुतार माणूस, मला कडी दिसली नाही असं होईल का? वाजवली असती तर तू उघडलं असतंस. तुला विचारलं असतं, माइमू कुठे आहे, तर शेडवर आहे म्हणाली असतीस, आणि मी शेडवर गेलो असतो. सहाला अजून अवकाश होता." आणि मग, "तेरा वर्षांच्या पोरीवर काय ढकलायचं. मी सत्तावीसचा होतो." धुक्यात त्याचा आवाज अगदी सपाट येत होता. वाटेच्या शेवटी टेहळणीच्या मनोऱ्यापाशी त्याने एका फळीवर पाय दाबून पाहिला आणि म्हणाला, "ही पुढच्या वर्षी जाईल."

शुक्रवार सकाळ

माइमू, काल सकाळी दलदलीत मी त्याला जे सांगितलं ते अर्धं खरं आहे. अर्धं मी तुझ्यासाठी ठेवायचं ठरवलं होतं, कारण ते आधी तुझं आहे.

मी घाबरले नव्हते. म्हणजे, बाबांची भीती होती, थोडी, कोपऱ्यात. तिच्याआड लपता येईल एवढी. पण मला ठाऊक होतं की ते कशासाठी आहे. जुनिपरच्या झुडपातून मी सगळं ऐकलं होतं. त्या बुधवारी तीनच्या सुमाराला मी खिडकीपाशी गेले आणि पूर्ण शुद्धीवर राहून कुत्री फिरवली, आधी डावं, मग उजवं. आणि पडद्यामागे उभी राहिले. तो आला. रस्त्याच्या पलीकडे थांबला. टोपी काढली. मला वाटलं होतं, बघेल आणि लगेच जाईल. पण तो उभाच राहिला, टोपी हातात धरून. एकदा त्याने पाऊल पुढे टाकलं, आपल्या फाटकाकडे. मी मनात म्हटलं, ये. खरंच म्हटलं, माइमू, एवढं तरी माझ्या बाजूने मोज. आला असता तर मी दार उघडून रडत सगळं सांगितलं असतं. मग त्याने टोपी घातली आणि बसथांब्याकडे चालू लागला, मागे न बघता. मी कुत्री पुन्हा आत वळवली. घाईत उजव्याचा कान खिडकीच्या चौकटीला लागला आणि टवका उडाला. तू त्या टवक्याबद्दल आईची बोलणी खाल्लीस. मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

का केलं, ते सांगते. तू गेलीस की त्या घरात मी आणि आई उरणार होतो. आई बाबांच्या वाटेकडे डोळे लावून, एक शब्द न बोलता, सात-सात महिने. तूच होतीस जी माझ्याशी बोलायचीस, केस विंचरायचीस, झोपताना मला सारेमाच्या राक्षसांच्या गोष्टी सांगायचीस. मला तू हवी होतीस. एवढंच. आणि झालं काय, तर सप्टेंबरात तू तार्तूला निघून गेलीस, कारण तुला हा रस्ता डोळ्यांसमोर नको झाला होता, आणि मी त्या घरात आईबरोबर एकटी राहिले ती राहिलेच. माझी शिक्षा इतकी चोख जमली की मला वाटलं, झालं, फिटलं. फिटलं नव्हतं. फक्त माझ्यापुरतं फिटलं होतं.

पुढे सांगितलं का नाही, हे विचारशील. आधी भीती वाटली. मग हाइनो आला, चांगला माणूस, तुझ्या लग्नात तू हसत होतीस, आणि मी म्हटलं, बघ, झालं सगळं नीट. मग तुला मुलं झाली, ती सुट्टीत इथे यायची आणि तू यायची नाहीस. प्रत्येक वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं आणि न सांगणं आणखी सोपं. हाइनो गेल्यावर मी तार्तूला आले होते, तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात सगळं ओठांपर्यंत आलं होतं. तू म्हणालीस, "आस्ता, तू तरी माझ्याशी नेहमी खरं बोललीस." मी भांडी घासायला उठले. घासलेलीच भांडी पुन्हा घासते म्हणून तू त्या दिवशी मला हसली होतीस.

मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती मागताना मला कारणं द्यायची नाहीत. वर दिली ती फक्त तुला कळावं म्हणून. मी तुझं एक आयुष्य घेतलं. त्याच्या जागी जे आलं तेही चांगलं होतं, हे खरं आहे, पण ते निवडणं तुझं होतं आणि मी ते तुझ्या हातून काढून घेतलं. तू मला कधीच भेटणार नाही म्हणालीस तरी मला ते समजेल. मला फार वाईट वाटेल, पण समजेल.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल संध्याकाळी मात्र राहवलं नाही, मी त्याला उरलेलं अर्धंही सांगितलं, आपल्या व्हरांड्यात, चहा गार होईपर्यंत. त्याने खाली मान घालून सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तिला माहीत आहे?" मी म्हटलं, "तुम्ही पोहोचायच्या आधी कळेल." आणि पत्ता दिला. तो म्हणाला, "फोन नंबर नको. फोनवर ती पावसाचं बोलेल." बघ, ओळखतो तुला अजून. शनिवारी तो इथून निघतोय, सोमवारपर्यंत मुलीच्या मैत्रिणीकडे रकवेरेला, आणि मंगळवारी दुपारच्या बसने तार्तूला पोहोचेल. माझं पत्र सोमवारी तुझ्या हातात पडावं म्हणून आज पोस्टात टाकते आहे, म्हणजे तुझा राग असेल तो तू सोमवारीच माझ्यावर काढून मोकळी होशील आणि मंगळवारी दाराशी येणाऱ्याला तो चुकून लागणार नाही. तो तीनच्या सुमाराला तुझं दार वाजवेल. उघडायचं की नाही ते सर्वस्वी तुझं. नको असेल तर नको उघडू, तो जाईल, त्याला जाता येतं. पण उघडलंस तर, माइमू, तू आधी काही बोलू नकोस, चेहऱ्यावरही काही आणू नकोस. नाहीतर तुझा चेहरा बघूनच त्याला उत्तर मिळेल आणि तो पुन्हा न विचारताच राहील. त्याला आधी विचारू दे, तोंडाने, कितीही वेळ लागला तरी.

रागावलीस तरी तुझीच,
आस्ता